तीस वर्षांचा सर्च इथे पुरत नाही

घर घेताना काय बघावं याची एक यादी दर दसऱ्या-पाडव्याला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून छापून येते. कार्पेट एरिया किती, पार्किंग आहे का, ताबा कधी, महारेरा क्रमांक काय. ती यादी खोटी नाही, पण ती पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यासाठी बेतलेली आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा नाहीतर नवापूरला घर शोधणाऱ्या शिक्षकाला, आरोग्यसेविकेला, एसटीच्या वाहकाला त्यातल्या निम्म्या प्रश्नांशी कर्तव्य नसतं. इथे फ्लॅट आहेत, पण ओढ अजून स्वतःच्या प्लॉटची. गावाबाहेरच्या कॉलनीत तीस बाय पन्नासचा तुकडा, त्यावर दोन खोल्या, पुढे जमेल तसा वरचा मजला. म्हणून इथला पहिला प्रश्न भिंतींच्या आधीचा असतो: ही जमीन पूर्वी कोणाची होती?

धुळ्यापासून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार साधारण साडेसोळा लाख माणसं होती आणि त्यांतली सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींची. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे चार तालुके पूर्णपणे आणि शहादा, नंदुरबार या तालुक्यांतली बरीच गावं राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतात. शेतजमिनीचा मोठा हिस्सा आदिवासी खातेदारांच्या नावावर असल्यामुळे बिगर-आदिवासी गिऱ्हाइकाला कायद्यानं विकत घेता येईल अशी जमीन शहरांभोवती मोजकीच उरते. मागणी मात्र नोकरदारांची, व्यापाऱ्यांची, सुरतेत कमावून परत येणाऱ्यांची, अशी चहूबाजूंनी असते. पुरवठा आखूड आणि मागणी लांब असली की कागद वाकवायचा मोह होतो. फसवणुकीचे बहुतेक प्रकार इथूनच सुरू होतात.

या बंधनाला अडथळा म्हणणाऱ्यांनी शहाद्याचा इतिहास एकदा चाळावा. सावकारी, दुष्काळात घेतलेलं दाणापाणी आणि कोऱ्या कागदावरचे अंगठे यांतून भिल्ल कुटुंबांच्या जमिनी गेल्या. मूळ मालक आपल्याच शेतावर सालदार म्हणून राबू लागले. आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांनी या प्रश्नावर माणसं उभी केली, १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली आणि श्रमिक संघटनेनं पुढे तो लढा चालवला. त्यानंतर दोन वर्षांनी, ६ जुलै १९७४ पासून, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कलम ३६-अ आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गानं जायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण सोडला तर बाकी सगळ्याला राज्य सरकारची पूर्वमान्यताही लागते. पाठोपाठ १ नोव्हेंबर १९७५ पासून जमिनी परत देण्याचा कायदा लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीच्या हाती गेलेल्या आणि त्या तारखेपर्यंत बिगरशेतीकडे न वळलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. हा कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना यांच्या खटल्यात वैध ठरवला. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्यानं १९९६ मध्ये ग्रामसभेलाही जमीन हातची जाऊ न देण्याचा अधिकार दिला. सातपुड्याच्या पायथ्याशी जी माणसं आज जमीन धरून आहेत ती या कायद्यांच्या जोरावर.

आता हे खरेदीदाराच्या बाजूनं वाचून बघा. वकील तीस वर्षांचा सर्च घेतो, म्हणजे तेवढ्या काळातले त्या जमिनीचे नोंदलेले व्यवहार तपासतो. बँकेला तेवढा पुरतो, त्यामुळे गिऱ्हाइकालाही पुरेसा वाटतो. पण तीस वर्षं मागे गेलं तर आपण १९९५च्या आसपास पोचतो आणि या जिल्ह्यात जमिनीचा हात बदलण्याचा वादग्रस्त काळ त्याच्याही मागचा आहे. मूळ खातेदार आदिवासी असेल आणि जमीन परवानगीशिवाय गेली असेल, तर मधल्या चार खरेदीखतांनी ती शुद्ध होत नाही. जिल्हाधिकारी अर्जावरून किंवा स्वतःहून चौकशी सुरू करू शकतात. तेव्हा शेवटच्या खरेदीदारानं बांधलेलं घर, फेडलेलं कर्ज, भरलेली घरपट्टी यांतलं काही आडवं येत नाही. म्हणून नंदुरबारमध्ये फेरफारांची साखळी १९५७च्या अलीकडे तुटू देऊ नये. वकिलाला हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, नाहीतर तो नेहमीचा तीस वर्षांचा अहवाल हातात ठेवतो. जुने हस्तलिखित सातबारा आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेचा अर्ज करून मिळवावे लागतात. जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या एखाद्या कागदासाठी धुळ्याची फेरीही पडू शकते. दोन-तीन आठवडे जातील. विकणारा म्हणेल, भाऊ, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. जाऊ द्यावं त्या गिऱ्हाइकाला.

सातबारा बहुतेकांना ओळखीचा असतो, पण तो वाचला जातो फक्त नावापुरता. नाव जुळलं, क्षेत्र जुळलं की घडी घालून खिशात. खरा मजकूर उजवीकडे असतो, कुळाचं नाव आणि इतर अधिकार या रकान्यात. तिथे कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे हस्तांतरणास बंदी असा शेरा असेल तर बिगर-आदिवासीनं तिथेच थांबावं. कूळ कायदा कलम ४३ ला पात्र असं असेल तर जमीन कुळाला कायद्यानं मिळालेली आहे. २०१४च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षं उलटलेल्या अशा जमिनीला आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून वाट मिळते, पण तो नजराणा भरला का, याची पावती मागायची. भोगवटादार वर्ग-२ किंवा नवीन व अविभाज्य शर्त दिसली की जमीन सरकारनं अटीवर दिलेली असते. पुनर्वसनाचा शेरा या जिल्ह्यात वारंवार भेटतो, कारण सरदार सरोवरात महाराष्ट्राची जी ३३ गावं गेली ती अक्कलकुवा आणि अक्राणीतली आणि त्यांतल्या अनेक कुटुंबांना तळोदा-शहादा भागात जमिनी आणि घरप्लॉट मिळाले. प्रकल्पग्रस्ताला मिळालेला प्लॉट स्वस्तात सुटतोय असं कोणी सांगितलं तर तो स्वस्त का आहे ते रकान्यातच लिहिलेलं असतं. वनपट्ट्याचं तर विचारूच नका. २००६च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला हक्क वारसांकडे जातो, पण विकता येत नाही.

खाली फेरफार क्रमांकांची रांग असते. प्रलंबित फेरफार या शब्दांपुढे नाही असं लिहिलेलं आहे का ते बघायचं. त्या जागी एखादा क्रमांक असेल तर कुणीतरी वारस, कुणीतरी बँक किंवा दुसरा एखादा खरेदीदार दारात उभा आहे. रांगेतला प्रत्येक फेरफार काढून वाचायचा. कंटाळवाणं काम आहे खरं. पण एका फेरफारात बहिणींची नावं असतात आणि पुढच्याच फेरफारात ती दिसत नाहीत, मध्ये हक्कसोडपत्राची नोंद नाही, असं यातूनच सापडतं. नोंदणी नसलेलं हक्कसोडपत्र कामाचं नाही. २००५ नंतर हिंदू कुटुंबात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये त्यावरची शंकाही मिटवली. आदिवासी कुटुंबांना मात्र हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही, तिथे रूढी बघावी लागते. म्हणून आदिवासी खरेदीदारानंही समोरच्या घरातल्या सगळ्यांना, बायका-मुलींसकट, संमतीला बसवलेलं बरं.

बिगरशेतीचा, म्हणजे एन.ए.चा सातबारा पाहताक्षणी वेगळा दिसतो. क्षेत्र हेक्टर-आरऐवजी आर-चौरस मीटरमध्ये असतं आणि खाली ओळ असते की हे क्षेत्र अकृषिक झाल्यामुळे गाव नमुना १२ची आवश्यकता नाही. समोर एन.ए. प्लॉट म्हणून विकायला ठेवलेल्या जागेच्या उताऱ्यावर अजून कापूस आणि ज्वारी उभी असेल, तर बोलणं तिथेच संपवावं. एक गैरसमज इथे फार पसरलाय: एन.ए. झालं म्हणजे जुनं सगळं धुतलं गेलं. एन.ए.चा हुकूम जमिनीचा वापर बदलतो. मालकी स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र तो नव्हे. ३६-अ ची परवानगी घेऊन जमीन हस्तांतरित झाली असेल तर तो आदेश वेगळा असतो. त्याचा क्रमांक, गट नंबर, क्षेत्र आणि त्यातल्या अटी खरेदीखताशी ओळीनं ओळ ताडून बघाव्यात.

मग आडवाटा. पहिली वाट दुसऱ्याच्या नावाची: पैसे एकाचे, सातबारा ओळखीच्या आदिवासी माणसाच्या नावावर, आणि दोघांमध्ये पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात २०१६च्या दुरुस्तीनंतर एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे, आणि मालमत्ता सरकारजमा होते ती वेगळीच. शिवाय उद्या तो माणूस किंवा त्याचा मुलगा फिरला तर पैसे घालणाऱ्याला कोर्टात तोंड उघडता येत नाही. दुसरी वाट मुखत्यारपत्राची. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि ताबापावती असं तिहेरी बाड देऊन घर विकलं असं सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात अशा कागदांनी मालकी जात नाही हे स्पष्ट केलंय. मालकी जाते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतानं. तिसरी वाट जरा सभ्य दिसते, तुकड्याची. शेतातले दोन गुंठे पाच जणांच्या सामाईक नावानं घ्यायचे. यात दोन कायदे एकदम मोडतात. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही आणि १९४७चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्राखालचा तुकडा पाडू देत नाही. ऑगस्ट २०२३ पासून ते क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे आहे. जुने तुकडे नियमित करायला सरकारनं वेळोवेळी सवलती दिल्या, आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के घेऊन, मग ५ टक्के, आणि अलीकडे निवासी पट्ट्यात त्याहून सैल. या सवलती आधी होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी आहेत. उद्या काहीतरी होईलच या भरवशावर आज तुकडा घेणारा सरकारी औदार्यावर सट्टा खेळतो.

ले-आऊट मंजूर आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तात्पुरता की अंतिम, हे विचारावं. अंतिम मंजुरीला रस्ते, गटारी, वीज प्रत्यक्ष करून दाखवावी लागते. तात्पुरत्या मंजुरीवर विकलेल्या कॉलन्यांत पुढची पंधरा वर्षं पावसाळ्यात चपला हातात घेऊन चालावं लागतं, आणि नगरपालिका म्हणते रस्ते आमच्याकडे वर्गच झालेले नाहीत. एकराच्या आसपासच्या आणि त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. नकाशात ती हिरव्या रंगात असते. जाऊन बघावं, तिथे खरंच मोकळी जागा आहे की देऊळ आणि त्यामागे कुणाचं तरी गॅरेज. प्लॉटची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून क-प्रत घ्यावी. चुन्याच्या रेघा ओढून दाखवणाऱ्या एजंटाची चार पावलं दर गिऱ्हाइकागणिक बदलतात. एक गुंठा १,०८९ चौरस फूट आणि एक आर सुमारे १,०७६. हा फरक छोटा वाटतो, पण भाव चौरस फुटावर ठरलेला असताना दोन गुंठ्यांना पंचवीस फुटांचे पैसे जास्त जातात.

फ्लॅट किंवा रो-हाऊसचं त्या मानानं थोडक्यात आटोपतं. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची नोंदणी सक्तीची. प्लॉट पाडून विकणाऱ्यालाही ती लागू आहे, हे इथल्या अनेक विकासकांना सोयीनं आठवत नाही. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. चार रो-हाऊसचा छोटा प्रकल्प या जाळ्यातून सुटतो. तिथे आधार ग्राहक आयोगाचा आणि स्वतःच्या करारातल्या शब्दांचा, तेव्हा करार मराठीत करून घ्यावा आणि सही करण्याआधी घरी नेऊन वाचावा.

जुन्या गावातलं घर हा वेगळाच प्रकार. नंदुरबारच्या पेठांतलं घर सिटी सर्व्हेत येतं, त्याला मिळकत पत्रिका असते. खेड्यात गावठाणातल्या घराला सातबाराच नसतो, लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. घरपट्टी कोण भरतो एवढंच तो सांगतो. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जाताहेत. आपल्या गावात ती झाली असेल तर पत्रिका मागावी आणि तीत आलेली हद्द शेजाऱ्याला मान्य आहे का ते त्याच्या ओट्यावर बसून विचारून घ्यावं. जुन्या घरात भाडेकरू असेल तर तो निघून, कुलूप आपल्या हातात आल्यावरच उरलेले पैसे द्यावेत.

या सगळ्या चर्चेत आदिवासी खरेदीदार कुठे आहे? तो आहे आणि वाढतोय: शिक्षक, तलाठी, परिचारिका, पोलीस. त्याला आदिवासीची जमीन घेता येते, पण कलम ३६ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा मुद्दा त्यालाही तपासावा लागतो आणि तो बहुधा वगळला जातो, कारण दोन्हीकडे आदिवासी आहेत म्हणजे प्रश्न मिटला असं सगळे धरून चालतात. त्याची खरी अडचण बँकेच्या टेबलावर येते. अशा जमिनीवर कर्ज द्यायला बँक हात आखडता घेते. वसुलीसाठी लिलावाची वेळ आली तर गिऱ्हाईक मर्यादित, हे तिचं गणित. म्हणजे ज्याचं संरक्षण करायचं त्यालाच गृहकर्ज महाग पडतं किंवा मिळतच नाही, आणि मग तो पतसंस्थेच्या किंवा खासगी व्याजाच्या दारात जातो. पन्नास वर्षांत या टोकाकडे धोरणकर्त्यांनी नीट पाहिलेलं नाही. कायदा सैल करणं हा याला उपाय आहे असं मला वाटत नाही. सरकारी हमीवर कर्ज देणं हा जास्त सरळ मार्ग आहे. घरकुलाच्या योजना, शबरी असो की प्रधानमंत्री आवास, गरिबांसाठी आहेत. पगारी आदिवासी कुटुंब त्यांच्या वरच्या पायरीवर आणि बँकेच्या खालच्या पायरीवर अडकतं.

कागद पास झाले की मग माती. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन कापसाला सोनं आणि पायाला वैरीण. पावसात ती फुगते, चैत्र-वैशाखात आक्रसते आणि हात आत जाईल अशा भेगा पडतात. पूर्वी गाव पांढरीवर वसायचं आणि काळी शेतीला ठेवली जायची. आता कॉलन्या थेट काळीत उभ्या राहतात. तयार घर घेत असाल तर उन्हाळ्यात जाऊन दारा-खिडक्यांचे कोपरे बघा. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी, वर रुंद होत जाणारी भेग असेल तर पाया हलतोय. नुसत्या रंगाच्या पापुद्र्यासारख्या बारीक आडव्या-उभ्या रेषा प्लास्टरच्या असतात, त्यांना घाबरू नये. विक्रीच्या आधी ताजी पुट्टी आणि नवा रंग एकाच भिंतीवर असेल तर त्याचं कारण विचारावं. प्लॉटवर बांधणार असाल तर खड्डा मुरूम लागेपर्यंत खोदून बघावा. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरकडून पायाचं डिझाइन करून घ्यावं, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. काळी माती काढून त्या जागी मुरूम दाबून भरणं, प्लिंथला बीम फिरवणं, घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरशीचा पट्टा करणं याला पैसे लागतात, पण भिंत फाटल्यावरच्या दुरुस्तीपेक्षा ते कमीच असतात. २०१६च्या भारतीय मानकाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, शहादा तालुक्यातल्या सावळद्याच्या केंद्रात लहान धक्क्यांच्या नोंदी होतात. चार इंची भिंतीवर स्लॅब टाकून दिलेली स्वस्त रो-हाऊस घेताना कॉलम कुठे आहेत हे विचारायला लाजू नये.

पाण्याचं पाहायचं ते दोन टोकांना. नंदुरबार शहराचा नळ विरचक आणि आंबेबारा धरणांवर चालतो. नव्या कॉलनीत मुख्य वाहिनी पोचली आहे की बोअरच्या भरवशावर सगळं आहे, हे शेजारणीला विचारलं तर एजंटापेक्षा खरं उत्तर मिळतं. ते मे महिन्यात विचारावं. दुसरं टोक पुराचं. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीचं पाणी नवापुरात शिरलं तेव्हा काठची घरं वाहून गेली आणि माणसं दगावली. नदीकाठच्या प्लॉटसाठी पाटबंधारे विभागाची पूररेषा बघायची. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. शहाद्यात गोमाईच्या बाजूला आणि प्रत्येक कॉलनीतल्या बुजवलेल्या नाल्याच्या बाजूलाही हेच. बुजवलेला नाला नकाशात असतो, जमिनीवर नसतो, आणि जुलैत परत येतो.

ऊन आणि मिरची यांबद्दल कुठलीही पुरवणी सांगणार नाही. खानदेशी उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली राहते. आजोबांची धाब्याची घरं जाड मातीच्या भिंतींमुळे थंड असायची. आजच्या आरसीसी पेटीत ती सोय नाही. पश्चिमेला झोपायची खोली नको, जिना-न्हाणी असू द्यावी. वास्तुशास्त्राच्या नावावर मुख्य दार हलवायला तीस हजार घालणाऱ्यानं त्यातले थोडे गच्चीवरच्या पांढऱ्या चिनी मोझॅकला घालावेत. आणि नंदुरबारच्या बाहेरच्या अंगाला जागा बघताना आजूबाजूला मिरचीच्या पथाऱ्या आहेत का ते हिवाळ्यात जाऊन बघावं. लाल गालिचा फोटोत सुंदर दिसतो. वाऱ्याच्या दिशेला घर असेल तर घरातल्या दम्याच्या म्हाताऱ्याला तो चार महिने खोकायला लावतो. हीच जागा पावसाळ्यात बघितलेल्याला यातलं काही कळत नाही.

पैशाच्या बाबतीत पहिला नियम रोखीचा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तरी सौदापावती रोखीनं होते आणि खरेदीखतात रेडीरेकनरचा आकडा टाकतात. मुद्रांक वाचला असं वाटतं. पण कर्ज कागदावरच्या किमतीवर मिळतं, पुढे विकताना नफाही त्याच किमतीपासून मोजला जातो, आणि व्यवहार फिसकटला तर रोख दिलेले पैसे कुणी पाहिलेले नसतात. सौदापावतीत एकूण किंमत, मुदत, कोणाकडून काय चुकलं तर इसाराचं काय होईल, आणि सर्चमध्ये दोष निघाला तर इसार परत, एवढं लिहून घ्यावं. शेवटची अट विकणाऱ्याला सहसा रुचत नाही. ती लिहायला तो तयार झाला की त्याच्या कागदांबद्दल निम्मी खात्री पटते.

मुद्रांक शुल्क नगरपालिका हद्दीत आणि ग्रामपंचायतीत वेगवेगळं लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट आहे. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. यात वकील, मोजणी, बँकेची प्रक्रिया, महावितरणचं मीटर, कंपाउंड, मोटर, टाकी धरली तर घराच्या किमतीवर दहा टक्क्यांची तयारी हाताशी हवी. ही रक्कम कर्जातून मिळत नाही, आणि नेमक्या याच जागी कुटुंबं बायकोचे दागिने मोडतात.

कर्जाची मुदत मात्र शांतपणे ठरवावी. वीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता साधारण १७,३५० रुपये आणि व्याज सुमारे २१ लाख ६५ हजार. तेच पंधरा वर्षांत फेडलं तर हप्ता १९,७०० च्या आसपास, व्याज सुमारे १५ लाख ४५ हजार. महिन्याला २,३५० रुपये जास्त भरून सुमारे सहा लाख वीस हजार वाचतात. पंचविशीत नोकरीला लागलेल्या शिक्षकानं पंधरा निवडावं. ज्याच्या घरात मुलांचं शिक्षण सुरू आहे त्यानं वीस घ्यावं आणि वेतन आयोगाचा फरक मिळेल तेव्हा मुद्दलात टाकावा. बदलता व्याजदर असेल तर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीवर दंड नाही. आणि बँकेच्या वकिलानं कागद पास केले म्हणजे आपण सुटलो असं समजू नये. तो बँकेचा वकील आहे. आपला वेगळा हवा, आणि तो शक्यतो विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

खरेदीखत झालं, पेढे वाटले, आणि पुढची दोन वर्षं फाइल कपाटात. हे फार घडतं. खरेदीखताच्या नोंदणीची सूची-२ त्याच आठवड्यात काढावी. नोंदणी झाल्यावर फेरफाराची सूचना आपोआप तहसीलला जाते, पण नोंद प्रमाणित होईपर्यंत तलाठी आप्पांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आणि मंडळ अधिकाऱ्याकडे खेटे घालावेच लागतात. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपली की हरकत आली का ते विचारावं. हरकत आली तर तारखेला हजर राहावं, वकिलावर सोडून लग्नाला जाऊ नये. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव चढलं की नगरपालिकेत घरपट्टीची आकारणी, महावितरणमध्ये मीटर नावावर करणं आणि जुन्या मालकाची पाणीपट्टी थकलेली नाही असा दाखला, ही तीन कामं त्याच महिन्यात उरकावीत. कर्ज असेल तर बँकेचा बोजा इतर अधिकारात चढतो. तो फेडीनंतर आपोआप उतरत नाही, बँकेचं पत्र घेऊन तो कमी करायचा अर्ज स्वतःच करावा लागतो.